वजन गेलं, कातडी राहिली

"मी ४३ वर्षांची आहे. ठाण्यात वर्तकनगरला राहते, एका पतपेढीत हिशेब बघते. दीड वर्षापूर्वी माझं वजन ९६ किलो होतं, उंची पाच फूट दोन इंच. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी दटावलं. गोड सोडलं, रात्रीचा भात सोडला, रात्री फक्त सूप आणि काकडी-टोमॅटो. रोज सकाळी उपवनला चालते. आज वजन ६४ आहे, दोन महिने काटा तिथेच आहे. साखर नॉर्मल आली. पण पोटाची कातडी खाली लोंबते, हात वर केला की दंड हलतात. पावसाळ्यात पोटाच्या घडीखाली लाल होतं, खाजतं, वास येतो. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, चेहरा उतरला, म्हातारी दिसायला लागलीस, चार-पाच किलो वाढव म्हणजे भरून येईल. मिस्टर म्हणतात, साडीत कोण बघतंय. पण मला त्यांच्यासमोर कपडे बदलायचीही लाज वाटते. घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये गेले, तिथल्या मॅडमनी मशीनच्या आठ सिटिंगचं पॅकेज सांगितलं. एक लाख वीस हजार, आजच भरले तर वीस टक्के सूट, हप्तेही मिळतील म्हणाल्या. डिसेंबरात भाचीचं लग्न आहे. पैसे भरू का? व्यायामाने कातडी आत जाईल का? की मी घाईघाईत वजन उतरवलं तिथेच चुकलं?"
– नाव छापू नका, वर्तकनगर, ठाणे

पैसे भरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण एव्हाना त्या मॅडमचे दोन-तीन फोन येऊन गेले असतील. "आजच भरले तर" असं ऐकलं की तिथे तपासणी कमी आणि टार्गेट जास्त आहे असं खुशाल समजावं. मशीन म्हणजे सगळी फसवणूक असं माझं म्हणणं नाही, त्याकडे येतेच. पण तुम्ही वर्णन करता त्या पोटावर त्यांचा उपयोग नाही, आणि हे तिथल्या तिथे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. पत्रात डॉक्टरांनी हात लावून तपासल्याचा उल्लेखच नाही.

आता घाईचं. ३२ किलो दीड वर्षात, म्हणजे आठवड्याला सरासरी ४०० ग्रॅम. आम्ही डॉक्टर मंडळी स्वतःच पेशंटला आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरवा म्हणून सांगतो. तुम्ही त्याहून सावकाश गेलात. सावकाश उतरवलं की कातडी आपोआप आत जाते, ही समजूत जिममध्ये आणि व्हॉट्सॲपवर पक्की बसली आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. कातडी किती मागे येणार हे बरंचसं दुसऱ्याच गोष्टींवर ठरतं: किती किलो उतरले, ती कातडी किती वर्षं ताणलेली होती, वय काय, आईवडिलांकडून कशी कातडी आली, बाळंतपणं किती, ऊन किती खाल्लं, तंबाखू आहे का. यातल्या बहुतेक गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या. वजन होतं, ते तुम्ही उतरवलंत. मधुमेहाच्या दारातून परत आलात. चुकलं काहीच नाही.

कातडीच्या वरच्या पातळ थराखाली डर्मिस नावाचा जाड थर असतो. त्यात कोलॅजनचे तंतू कातडीला बळकटी देतात आणि इलॅस्टिनचे तंतू ताण गेला की तिला मागे ओढतात. गोम इलॅस्टिनमध्ये आहे. ते जवळजवळ सगळं जन्माआधी आणि लहानपणी तयार होतं. मोठेपणी ते तुटलं तर शरीर पूर्वीसारखं नवं विणत नाही. दहा-पंधरा वर्षं पोट ताणलेलं राहिलं की आतले तंतू जागोजागी तुटतात. पोटावर पांढुरक्या रेघा असतील, त्या म्हणजे डर्मिस फाटून भरून आल्याच्या खुणा. कोलॅजन त्या मानाने दुरुस्त होत राहतं, पण तेही पंचविशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का कमी होत जातं, आणि पाळी थांबल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत कातडीतलं कोलॅजन ३० टक्क्यांपर्यंत घटू शकतं. तुम्ही बहुधा अजून त्याच्या अलीकडे आहात. वजन स्थिर झाल्यावर काही महिने, कुणाकुणाला वर्षभरही, कातडी थोडी थोडी आवळत राहते. तेवढं तुमचंही अजून बाकी आहे. पण बत्तीस किलोंची जागा त्यात भरून निघणार नाही.

तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एका फरकावर उभी आहेत. कातडी ढिली पडणं वेगळं आणि कातडी जास्तीची उरणं वेगळं. ब्लाउज थोडा ढिला झाला तर शिंपी बाजूला टीप मारून देतो. पण कापडच मीटरभर जास्तीचं असेल तर कात्री लावल्याशिवाय गत्यंतर नाही. मशीन, क्रीम, व्यायाम, आहार हे सगळे टीप मारणाऱ्यांत. घडी पडून खाली लोंबणारी, आत ओल साठवणारी कातडी ही जास्तीची असते.

तुमच्याकडे नेमकं काय आहे याचा अंदाज घरीच घेता येतो. उभं राहून बेंबीखालची घडी बोटांच्या चिमटीत धरा. नुसती पातळ कातडीच हाताला लागली तर ती जास्तीची कातडी. चिमटीत जाड गादी आली तर खाली अजून चरबी आहे. मग उताणं झोपा, गुडघे मोडा, आणि मान थोडी उचलून बेंबीच्या वर-खाली मधोमध बोटं दाबून बघा. दोन बोटं सहज आत गेली, किंवा मधोमध उभा फुगवटा आला, तर बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर सरकलेले असू शकतात. अशा बायकांचं पोट कातडी काढली तरी पुढेच दिसतं, आणि त्यातल्या कित्येकींना फिजिओथेरपीने बराच फरक पडतो. खोकल्यावर एखादी गाठ बाहेर येत असेल, विशेषतः सिझेरियनच्या टाक्यांजवळ किंवा बेंबीत, तर तो हर्निया असू शकतो. तसं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सर्जनला दाखवा.

पण या सगळ्याच्या आधी ती लाली. पत्रात तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच. कातडीला कातडी घासते, मध्ये घाम साचतो, हवा लागत नाही, आणि त्या ओलीत कँडिडा नावाची बुरशी वाढते. घडीच्या तळाशी लालभडक पट्टा आणि कडेने बारीक पुटकुळ्या असतील तर बहुधा तीच. कडा उठलेल्या गोल चकत्या असतील तर गजकर्ण, त्याचे उपचार जास्त दिवस चालतात आणि ते घरातल्यांना लागतं. ठाण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये, जिथे दोरीवरचे कपडे चार-चार दिवस दमट राहतात, हे व्हायला लोंबती कातडीही लागत नाही.

ती ट्यूब घ्या आणि मागे काय लिहिलंय ते वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन असं काही दिसलं तर ती आजपासून बंद. हे स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दोन दिवसांत दबते, म्हणून सगळ्यांना ते औषध गुणी वाटतं. खाली बुरशी मात्र निवांत पसरत राहते. शिवाय स्टेरॉइडने कातडी पातळ होते, घडीत तर फार लवकर, आणि कायमच्या रेघा उमटतात. म्हणजे सैल कातडीची तक्रार घेऊन बसलेली बाई स्वतःच्या हाताने ती आणखी पातळ करतेय. २०१८ पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी ती काउंटरवरून हातोहात मिळतात. ठाण्यातले त्वचारोगतज्ज्ञ निम्मा पावसाळा याच ट्यूबांनी केलेलं निस्तरण्यात घालवतात म्हटलं तरी चालेल.

त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खासगीत नको असेल तर कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या ओपीडीत जा. बुरशीचं साधं मलम मिळेल. लाली गेली म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका, सांगितलेले आठवडे पूर्ण करा. आंघोळीनंतर घडी उचलून टॉवेलने टिपा, घासू नका, आणि दोन मिनिटं पंख्याखाली तशीच धरून पूर्ण सुकू द्या. घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा आणि ती दुपारी पतपेढीत बदला. पावडर नको, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात. आतले कपडे नीट सुकले नसतील तर इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नका. स्वतःचा टॉवेल वेगळा ठेवा. जखम झाली, पू आला, ताप आला तर वाट बघू नका. आणि या प्रत्येक भेटीचा केसपेपर जपून ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता मशीन. क्लिनिकमध्ये साधारण तीन प्रकार असतात. रेडिओफ्रिक्वेन्सीने डर्मिस तापवतात, जेणेकरून कोलॅजनचे तंतू आखडावेत आणि पुढचे काही महिने नवं कोलॅजन तयार व्हावं. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंडच्या लहरी एका बिंदूवर एकवटून तेच काम आणखी खोलवर करायचं. तिसऱ्यात बारीक सुयांमधून रेडिओफ्रिक्वेन्सी आत सोडतात. विज्ञान खोटं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २००९ मध्ये अशाच एका अल्ट्रासाउंड यंत्राला भुवया उचलण्यासाठी मान्यता दिली, पुढे हनुवटीखाली, मानेला आणि छातीच्या वरच्या सुरकुत्यांसाठीही. जागा कोणत्या आहेत बघा. सगळ्या लहान, आणि जिथे कातडी किंचित ढिली पडते अशा. हनुवटीखाली जरा सैल झालेली तिशी-चाळिशीतली बाई, किंवा बाळंतपणानंतर बेंबीभोवती चुरगळल्यासारखी कातडी असलेली सडपातळ मुलगी, यांना थोडा फरक दिसतो. तो दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तो कायमचा नसतो. भिंतीवरच्या आधी-नंतरच्या फोटोंत दिवा कुठून आहे आणि पोट आत घेतलंय का, हे बघायची सवय लावून घ्या.

धोकेही आहेत. भाजणं, डाग पडणं, चरबी विरघळून खड्डा पडणं, क्वचित मज्जातंतूला इजा. सुयांच्या रेडिओफ्रिक्वेन्सीबद्दल २०२५ मध्ये एफडीएने लोकांना सावधही केलं. आपल्या सावळ्या कातडीवर कार्बन डायऑक्साइड लेसर मारला तर काळे डाग महिनोन्महिने राहू शकतात. आणि कुणी चरबी गोठवायचं मशीन किंवा नुसतं लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, सुचवलं तर सरळ उठून या. रिकाम्या पिशवीतून आणखी काढलं तर ती आणखीच लोंबेल.

दंडांचं थोडं वेगळं आहे. तिथे जास्तीचं फार नसेल, तर सहा महिन्यांनंतर, वजन आणि स्नायू जागेवर आल्यावर, एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला रेडिओफ्रिक्वेन्सीबद्दल विचारायला हरकत नाही. पण एका सिटिंगचे पैसे द्या. आठांचे आगाऊ नको.

बाकी बाजारातल्या गोष्टी झटपट उरकते. खोबरेल, ऑलिव्ह, बदाम, कुठल्याही तेलाने कातडी मऊ होते, घट्ट होत नाही. फर्मिंग क्रीमचंही तेच. ट्रेटिनॉइन हे औषधी मलम चेहऱ्याच्या बारीक सुरकुत्यांवर खरंच काम करतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गरोदरपणात अजिबात नाही, आणि पोटाच्या घडीत तर नाहीच. कोलॅजनची पावडर माशांच्या किंवा जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात, शाकाहारी असाल तर हे आधी कळलेलं बरं. ती पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचते. काही चाचण्यांत कातडीचा ओलावा आणि सुरकुत्या यांत जरासा फरक दिसला खरा, पण २०२५ मध्ये अशा चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा ज्यांना कंपन्यांचा पैसा नव्हता त्यांच्यात फायदा आढळला नाही. महिन्याला पावडरवर जाणाऱ्या पैशांत अंडी आणि मासळी किती येईल याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला जमेल.

आणि ते खरंच घ्या, कारण रात्रीचं सूप आणि काकडी-टोमॅटो वाचून मला काळजी वाटली. अशा जेवणात प्रथिनं जवळजवळ नसतात, आणि दीड वर्षात चरबीबरोबर तुमचे स्नायूही उतरले असणार. दंड हलतो त्यात कातडीइतकाच वाटा आतल्या रिकाम्या जागेचा आहे. व्यायामाने कातडी आत जात नाही, पण स्नायू भरला की तिला खालून आधार मिळतो, आणि दंडांवर, मांड्यांवर, पार्श्वभागावर हे डोळ्यांना दिसतं. पोटावर कमी. उपवनचं चालणं सोडू नका, पण आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचे व्यायाम धरा. डंबेल्स नसतील तर रबरी पट्टा किंवा भरलेल्या पाण्याच्या बाटल्या चालतील, पुढे वजन वाढवत जा. तीन-चार महिने द्या. प्रथिनं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे तुम्हाला दिवसाला ६५ ते ७५ ग्रॅम लागतील, मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट उसळीत सहा ते आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, तेवढ्याच मासळीत वीसेक. रात्री काकडीच्या जोडीला दोन अंडी किंवा मुगाची उसळ आली तरी मोठी सुरुवात होईल. हिमोग्लोबिन, लोह, बी १२ आणि ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. इतकं वजन उतरवलेल्या बायकांत यातलं काही ना काही अनेकदा कमी निघतं.

चार-पाच किलो वाढवायचा सल्ला मात्र नम्रपणे कानाआड करा. वाढलेली चरबी सांगितलेल्या जागी जात नाही. ती गालावर यायच्या आधी पोटात शिरेल, आणि साखर पुन्हा डोकं वर काढेल. चेहरा उतरलेला दिसतो कारण गालांतली चरबी गेली. लोकांच्या डोळ्यांत अजून तुमचा जुना चेहरा आहे, वर्षभरात त्यांना हा नवा सवयीचा होईल. चेहऱ्यासाठी करण्यासारखी एक स्वस्त गोष्ट आहे. उपवनला निघताना सनस्क्रीन लावा. ऑस्ट्रेलियात ९०० जणांवर साडेचार वर्षं चाललेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या कातडीत त्या काळात म्हातारपणाच्या खुणा मोजण्याइतक्या वाढल्या नव्हत्या. सासूबाईंना उत्तर द्यायचंच असेल तर जुना आणि नवा साखरेचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा. वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

मिस्टरांबद्दल. "साडीत कोण बघतंय" हे ते बहुधा धीर द्यायलाच म्हणताहेत, पण तुमचा प्रश्न साडीतला नाहीच. तो त्यांना तुम्ही सांगितलेला दिसत नाही. तुम्ही दिवे घालवून कपडे बदलता आणि ते समजतात की बायकोला आता आपल्यात रस नाही, असं अनेक घरांत होतं. एकदा सांगा की मला लाज वाटते आणि मला खाजतंही. यातलं दुसरं सांगायला सोपं आहे, तिथून सुरुवात करा. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर न्या.

आता कात्री, म्हणजे शस्त्रक्रिया. पोटाच्या ऑपरेशनला ॲब्डोमिनोप्लास्टी किंवा बोलीत टमी टक म्हणतात. बेंबीखालची जास्तीची कातडी कापून काढतात, दूर गेलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, वरची कातडी खाली ओढून शिवतात आणि बेंबीला नव्या जागी छिद्र करतात. नुसती लोंबती घडी तेवढी काढायची, स्नायू-बेंबीला हात लावायचा नाही, असं छोटं ऑपरेशनही असतं. तुमची मुख्य तक्रार खालच्या लालीची असेल तर त्याबद्दल जरूर विचारा. पूर्ण भूल, दोन ते चार तास. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत व्रण राहतो, सिझेरियनचा जुना व्रण असेल तर तो बहुधा त्यातच निघून जातो. पहिले काही दिवस पाणी निघायला नळी, वाकून चालणं, कमरेला सहा आठवडे घट्ट पट्टा. बैठ्या कामावर दोन-तीन आठवड्यांत परतता येतं, पण पाण्याच्या बादल्या, गॅस सिलिंडर, नातवंडं-भाचरं उचलणं सहा आठवडे बंद. व्रण मुरून फिका पडायला वर्ष-दीड वर्ष. कातडीखाली पाणी साचणं बऱ्याच जणांना होतं, ते सुईने काढावं लागतं. टाके उसवणं, जंतुसंसर्ग आणि पायात रक्ताची गुठळी होणं हे पुढचे धोके. गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून चालवतात. कान टोचल्याजागी किंवा दंडावरच्या बीसीजी (क्षयाच्या) लशीच्या जागी गाठीसारखा व्रण आला असेल तर सर्जनला आधीच दाखवा, कारण पोटावरही तसा येऊ शकतो.

दंडांच्या ऑपरेशनला काखेपासून कोपरापर्यंत आतल्या बाजूने व्रण राहतो. स्लीव्हलेसमध्ये तो दिसतो. सैल दंड आणि लांब व्रण यांत कोणतं तुम्हाला जास्त खुपेल, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. माझं मत विचाराल तर आधी पोट, कारण ते त्रासाचं आहे. दंडाला वर्षभर व्यायाम देऊन बघा.

हे केव्हा? वजन निदान सहा महिने एका जागी असावं, दोन-चार किलोंचा फरक चालतो. तुमचे दोनच झालेत. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २६ च्या आसपास आहे, सर्जन सहसा ३० च्या आत मागतात, तेव्हा ती अडचण नाही. आणखी मूल नको असेल तरच पोटाचं ऑपरेशन करावं. आणि पत्रात नाही म्हणून विचारते: मिश्री लावता का? राग मानू नका, चांगल्या शिकल्या-सवरल्या घरांतल्या बायका सकाळी मिश्री लावतात आणि डॉक्टरांना "तंबाखू नाही" म्हणून सांगतात. मिश्री तंबाखूच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ओढून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरते. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. कायमची सुटली तर कोलॅजनलाही बरं.

म्हणजे डिसेंबरच्या लग्नाआधी काही होत नाही, आणि करूही नका. लग्नाला कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज शिवा. घट्ट शेपवेअर घालायचं तर कार्यालयातल्या चार तासांपुरतं घाला, लाली पूर्ण गेली असेल तरच, आणि घरी आल्याबरोबर काढून घडी सुकवा.

पैशांचं. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना, किंवा प्रकृतीला थेट धोका म्हणून डॉक्टरांनी गरज प्रमाणित केलेले उपचार, एवढेच अपवाद. पुन्हा पुन्हा होणाऱ्या जंतुसंसर्गाचे कागद असतील तर अर्ज करून बघता येतो, फार भरवसा ठेवू नका. हर्निया निघाला तर त्याचं ऑपरेशन मात्र सहसा विम्यात बसतं, प्रतीक्षा कालावधी पॉलिसीत बघा. खासगी रुग्णालयाचा आकडा विचारताना त्यात भूलतज्ज्ञ, खोली, पट्टा आणि १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला जीएसटी लागतो आणि तो बिलावर शेवटी उगवतो. ठाण्याहून धिम्या लोकलने जायची तयारी असेल तर मुंबई महापालिकेच्या सायन, केईएम आणि नायर रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथे भाजलेल्या आणि अपघाताच्या पेशंटांना आधी घेतात, तेव्हा तारखेसाठी थांबावं लागेल. पण प्रामाणिक मत घ्यायला तरी जाच, कारण तिथे तुम्हाला पॅकेज विकण्यात कुणाचा फायदा नसतो.

खासगीत जाल तर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी असलेलेच सर्जन बघा, आणि महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी तपासा. कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा म्हणजे सर्जन नव्हे. त्यांना विचारा: इतकं वजन उतरवलेल्या किती पेशंटांचं हे ऑपरेशन केलंत, व्रण नेमका कुठे येईल तो पेनाने माझ्या पोटावर काढून दाखवा, रात्री रक्तस्राव झाला तर मला कोण बघेल आणि त्या रुग्णालयात आयसीयू आहे का, दुरुस्ती करावी लागली तर तिचा खर्च कोणाचा. जाताना गेल्या सहा महिन्यांची वजनं एका कागदावर लिहून न्या, साखरेचे रिपोर्ट, सिझेरियन झालं असेल तर त्याचे कागद आणि लालीचे ते केसपेपर न्या. आणि सध्या लाली बरी असेल तर ती असतानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, ओपीडीच्या दिवशी ती नेमकी गायब असते.